तांबडी वाइन आणि द्राक्षाची जात

महसूल खात्यांत लिपिकाची चाकरी करीत असतां गांव नमुना बाराच्या गोषवाऱ्यांत 'धान' हा शब्द मीं हजारों वेळां लिहिला असेल. शेतांत लुचई असो, चिन्नोर असो, कीं एच. एम. टी. असो, सरकारी कागदाच्या दृष्टीनें तें सारें एकच पीक. तोच कारकून सायंकाळीं घरीं येऊन पाटावर बसला, म्हणजे मात्र पानांतला भात कोणत्या जातीचा, हें त्यास पहिल्या घांसालाच कळे. बाजारांतही भाव ठरतो तो 'धान' या शब्दाला नव्हे, तर जातीला.

द्राक्षांची गोष्ट अशीच आहे. आपल्या बाजूस द्राक्षें म्हटलीं म्हणजे हिरवीं आणि काळीं, एवढाच भेद आपणांस ठाऊक. परंतु नाशिक, सांगली, सोलापूर या जिल्ह्यांतील बागाईतदारास विचारलें, तर तो जातींचीं दहा नांवें एका दमांत सांगतो. आणि ज्या द्राक्षांची तांबडी वाइन करतात त्यांच्या जाती तर आणखी निराळ्या. त्या जाती चवीवरून कशा ओळखाव्या, त्यासाठीं महाग बाटली लागते कीं स्वस्त पुरते, आणि आपल्यासारख्या धानाच्या मुलखांतील शेतकऱ्यानें त्यांतून काय घ्यावें, हें या लेखांत यथामति सांगण्याचा विचार आहे.

आरंभींच एक गोष्ट स्पष्ट करतों. गडचिरोली जिल्ह्यांत १९९३ सालापासून दारूबंदी आहे, व ती लोकांनीं चळवळ करून मागून घेतलेली आहे. वाइन ही कायद्यानें दारूच होय. सबब पुढें वर्णिलेली चव मीं आमच्या जिल्ह्यांत नव्हे, नाशिक जिल्ह्यांत रीतसर परवान्यानें घेतली. बाटली तर राहोच, तिचें बूचही वैनगंगेच्या अलीकडे आणलें नाहीं. हा लेख वाचून कोणीं तसा प्रयोग मार्कंड्यास करूं नये.

प्रश्न कसा निघाला

माझे वडील बंधु दारूच्या व्यसनानें अकालीं गेले. त्यांचा मुलगा आज तीस वर्षांचा असून मार्कंड्याची आमची सामायिक शेती तोच पाहतो. मागील पावसाळ्यांत रोपें विकणारा एक मनुष्य गांवीं आला. वाइनच्या द्राक्षांस कारखान्याचा बांधलेला भाव मिळतो, एकरीं धानाच्या कितीतरी पट उत्पन्न येतें, असें त्यानें पुतण्याच्या मनांत भरविलें. दीड एकर धानाच्या बांध्या मोडून तेथें मांडव उभारावा, त्यासाठीं कर्ज काढावें, आणि कर्जाच्या कागदावर जामीन म्हणून मीं सही करावी, असा बेत ठरला. "काका, कागद तुम्हांलाच कळतात, तुम्हीच पाहा," असें म्हणून त्यानें माहितीपत्रक माझ्यापुढें ठेविलें. वहिनी दाराशीं उभ्या होत्या. त्या एवढेंच म्हणाल्या, "भाऊजी, म्हणजे हीं दारूचींच द्राक्षें ना?"

या प्रश्नाला मजजवळ उत्तर नव्हतें. पत्रकावर कॅबर्ने सॉव्हिन्याँ, शिराझ, झिनफँडेल अशीं नांवें होतीं. त्यांतील एकही मला धड वाचतां येईना. ज्या पिकाच्या जातीचें नांव आपणांस वाचतां येत नाहीं, त्याच्या कर्जावर सही कशी करावी? माझ्या कन्येचें सासर दिंडोरी तालुक्यांत आहे. व्याह्यांची तीन एकर द्राक्षबाग असून दोन एकर खाण्याच्या द्राक्षांची व एक एकर वाइनच्या द्राक्षांची आहे. व्याही स्वतः माळकरी, थेंबालाही शिवत नाहींत. परंतु जांवई एका वाइनच्या कारखान्यांत कोठारावर नोकरीस आहेत. तेव्हां माघ महिन्यांत, महाशिवरात्रीच्या यात्रेपूर्वीं परत येण्याच्या बोलीनें, मी नागपूरमार्गें नाशिकास गेलों. तो वाइनच्या द्राक्षांच्या तोडणीचाच हंगाम होता.

वाइन कशी होते

दारू म्हटली कीं आपल्या डोळ्यांपुढें चूल, मडकें व वाफ येते. मोहफुलांचा सडवा भट्टीवर चढवितात, वाफ थंड करून थेंबथेंब गाळतात, व त्यामुळें मद्यार्क एकवटतो. वाइनला भट्टी नाहीं. द्राक्षें चुरून ठेविलीं म्हणजे यीस्ट नांवाचे सूक्ष्म जीव रसांतील साखर खातात, आणि तिचा मद्यार्क व कार्बन डायॉक्साइड वायु करतात. हें काम सजीवांचें आहे, असें फ्रान्समधील लुई पाश्चर यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास दाखवून दिलें. साधारण हिशेब असा कीं, एक लिटर रसांतील १७ ग्रॅम साखरेपासून शेंकडा एक मद्यार्क होतो. द्राक्षाची गोडी 'ब्रिक्स' या अंशांत मोजतात. २३ ब्रिक्सच्या रसाची वाइन सुमारें १३ टक्क्यांची होते. गाळलेल्या दारूंत हें प्रमाण कितीतरी अधिक असतें.

आतां रंगाचें पाहूं. बहुतेक काळ्या द्राक्षांचा गर पांढुरकाच असतो. रंग राहतो तो सालींत. पांढऱ्या वाइनसाठीं रस आधींच पिळून सालीपासून वेगळा करतात. तांबड्या वाइनसाठीं साल व बिया रसाबरोबरच आठवडा-दोन आठवडे आंबूं देतात. वायूच्या जोरानें साली वर येऊन त्यांचा जाड थर जमतो. तो दिवसांतून दोन-तीन वेळां खालीं दाबावा लागतो, किंवा तळचा रस उपसून त्यावर सोडावा लागतो. ह्या मुरण्यांत सालीचा रंग व वास, आणि साल व बिया या दोहोंचा तुरटपणा रसांत उतरतो. ज्या तुरट द्रव्यामुळें तो येतो त्यास टॅनिन म्हणतात. आपल्या जंगलांतील हिरड्यांत व कच्च्या टेंभुर्णांत त्याच वर्गाचीं द्रव्यें असतात. कच्चें टेंभुर्ण चावल्यावर जिभेची जी गत होते, ती ज्यास ठाऊक आहे त्यास टॅनिन निराळें समजावून सांगावयास नको.

म्हणून तांबडी वाइन ही मुख्यतः सालीची करणी होय. आणि साल कशी, तें जात ठरविते.

खाण्याचें द्राक्ष आणि वाइनचें द्राक्ष

महाराष्ट्राला द्राक्षें नवीं नाहींत. चौदाव्या शतकांत आलेल्या इब्न बतूता या प्रवाशानें दौलताबादेच्या द्राक्षांची नोंद केली आहे. नाशिककडे पूर्वीं भोकरी, फकडी या जाती असत. पुढें थॉम्सन सीडलेस ही बिनबियांची हिरवी जात आली व तिनें बाजार जिंकला. आपल्या शेतकऱ्यांनीं निवड करून नव्या जाती काढल्या. सांगली जिल्ह्यांत तासगांवजवळ बोरगांवचे वसंतराव आर्वे यांनीं 'तास-ए-गणेश' निवडली. सोलापूर जिल्ह्यांतील नान्नजचे नानासाहेब काळे यांनीं 'सोनाका' आणि काळी 'शरद सीडलेस' या जाती दिल्या. हे लोक शास्त्रज्ञ नव्हते. आपल्या बागेंतील एखादी वेल, एखादी काडी इतरांहून निराळी दिसली, ती त्यांनीं राखली व वाढविली, एवढेंच.

हीं सारीं खाण्याचीं द्राक्षें. त्यांचा मणी मोठा, साल पातळ, बी नाहीं. मणी फुगावा व लांबावा म्हणून घड जिब्रेलिक आम्लाच्या द्रावणांत बुडवितात. गोडी १६ ते १८ ब्रिक्स झाली कीं तोडणी होते.

वाइनचें द्राक्ष याच्या अगदीं उलट. व्याह्यांनीं मला कॅबर्नेच्या ओळींत नेऊन एक घड हातीं दिला. मणी आपल्या चारोळीच्या फळाहून थोडा मोठा, निळसर काळा, वर राख लावल्यासारखा. तोंडांत टाकला तों साल जाड, आंत बिया, गर थोडका. परंतु गोडी एवढी कीं मी थबकलों. ब्रिक्स २३ च्या वर होतें. व्याही म्हणाले, "बाजारांत हें कोणी फुकटही घ्यायचें नाहीं. हें खाण्यासाठीं नाहीं, सालीसाठीं आहे." मणी लहान असला म्हणजे रसाच्या मानानें साल अधिक पडते. म्हणूनच वाइनच्या बागेंत मणी फुगवीत नाहींत, पाणी हात राखून देतात, आणि एकरीं दहा टन माल देणाऱ्या खाण्याच्या बागेशेजारीं ही बाग चार-पांच टनांवरच थांबवितात. एका बाटलीस, म्हणजे ७५० मिलिलिटर वाइनला, साधारण एक किलोच्या वर द्राक्षें लागतात.

येथें आणखी एक भेद ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. धान स्वपरागित असल्यामुळें शुद्ध बियाणें पेरलें तर तीच जात उगवते. द्राक्षाची बी पेरली तर मूळ जात मिळत नाहीं. कांहीं निराळेंच रोप निघतें. म्हणून जात राखावयाची तर काडी लावावी किंवा डोळा बांधावा लागतो. आज दिंडोरींत जी कॅबर्ने आहे ती शेंकडों वर्षांपूर्वीं फ्रान्समध्यें आपोआप उगवलेल्या एका रोपाचीच, काडीमागून काडी आलेली, वाढ होय. १९९७ मध्यें कॅलिफोर्नियांतील शास्त्रज्ञांनीं आनुवंशिक तपासणीनें सिद्ध केलें कीं, तिचे आईबाप कॅबर्ने फ्रान्क ही काळी व सॉव्हिन्याँ ब्लाँ ही हिरवी जात होत. नांवांत दोघांचाही वारसा राहिला होता.

आणि काडी तरी थेट जमिनींत लावीत नाहींत. १८६० नंतर अमेरिकेंतून आलेल्या फिलॉक्सेरा नांवाच्या किडीनें फ्रान्सच्या बागा मुळांपासून पोखरल्या. त्यावर उपाय निघाला तो हा कीं, त्या किडीस दाद न देणाऱ्या अमेरिकन वेलीच्या खुंटावर आपल्या जातीचा डोळा बांधावा. महाराष्ट्रांत डॉगरिज, ११० आर असे खुंट वापरतात. येथें त्यांचा मुख्य उपयोग खारट पाणी व अवर्षण सोसण्याकडे होतो.

चव कशी घ्यावी

जांवयांनीं शिकविलेली रीत देतों. ती तांदळाच्या व्यापाऱ्याच्या रीतीहून फार निराळी नाहीं. तोही दाणा आधीं तळहातावर पाहतो, मग हुंगतो, मग दांताखालीं फोडतो.

उजेडाच्या वेळीं, जेवणाच्या आधीं बसावें. जवळ तंबाखू, उदबत्ती, फोडणी यांचा वास नसावा. साध्या पारदर्शक कांचेच्या पेल्यांत दोन-तीन चमचे वाइन घ्यावी. पेला पांढऱ्या कागदावर तिरपा धरून रंग पाहावा: जांभळा, माणकासारखा कीं विटकरी, आरपार दिसतो कीं दाट आहे. वाइन नवी असली कीं कडेला जांभळी झांक असते. जुनी होईल तशी ती विटकरीकडे वळते. नंतर न हलवितां हुंगावें, मग पेला गोल फिरवून पुन्हां हुंगावें. दुसऱ्या वेळेस वास मोकळा होतो. मग एक लहान घोट तोंडांत सर्वत्र घोळवावा आणि पांच गोष्टी क्रमानें विचाराव्या: गोड किती, आंबट किती, तुरट किती, घशाशीं ऊन किती, व थुंकल्यावर चव किती वेळ राहते.

होय, थुंकल्यावर. चव पाहणारे लोक घोट गिळीत नाहींत; जवळ भांडें ठेवून त्यांत थुंकतात. गिळूं लागल्यास चौथ्या पेल्याला जीभ व बुद्धि दोन्ही साक्ष देत नाहींत. मला तर हा नियम फारच मानवला, कारण नाशिकास निघतांना वहिनींचा चेहरा माझ्या डोळ्यांपुढें होता.

चार बाटल्या

जांवयांनीं चार बाटल्या आणल्या. एकीचीही किंमत हजार रुपयांच्या वर नव्हती. मीं आरंभींच एक चूक केली ती सांगतों. चौघींत एक गोड होती, 'पोर्ट' या नांवाची. जांवई म्हणाले, "मामा, ती शेवटीं घ्या." मीं ऐकलें नाहीं, गोडापासून सुरुवात करावी असा आपला परिपाठ. परिणाम असा झाला कीं, नंतरची प्रत्येक वाइन मला चिंचेच्या पाण्यासारखी लागली. अर्धा तास थांबून, पाणी पिऊन, कोरी भाकरी खाऊन पुन्हां बसावें लागलें. कोरडी आधीं, गोड शेवटीं. फिकी आधीं, गडद मागून, हा क्रम सोडूं नये.

ही 'पोर्ट' मुळांत पोर्तुगालची. तेथें रस आंबत असतांनाच त्यांत गाळलेला मद्यार्क घालून आंबणें थांबवितात, म्हणून साखर शिल्लक राहते. आपल्याकडे त्या नांवानें मिळणारी स्वस्त वाइन बहुधा वरून गोड केलेली असते, व बेंगळूर ब्लूसारख्या द्राक्षांपासून करतात. ही द्राक्षें अमेरिकन वंशाचीं. त्यांस एक उग्र गोड वास असतो. आपल्या लोकांची वाइनशीं पहिली ओळख पुष्कळदां हिच्याच द्वारें होते. परंतु साखरेनें जात झांकली जाते. गोड शिऱ्यांत तांदूळ कोणता होता, हें जसें सांगतां येत नाहीं, तसेंच हें.

दुसरी झिनफँडेल. रंग आरपार दिसणारा, माणकासारखा. वास पिकलेल्या तांबड्या फळांचा, थोडा मुरांब्यासारखा, तुरटपणा बेताचा. हिची साल पातळ आणि घडांतील मणी सारखे पिकत नाहींत. एकाच घडांत कांहीं मणी कच्चे, तर कांहीं मनुकेसारखे सुरकुतलेले. तोडणीस उशीर झाला कीं साखर चढते आणि वाइन कडक होते. ही जात कॅलिफोर्नियाची म्हणून गाजली, पण २००१ मध्यें तिचें मूळ युरोपांत क्रोएशियाच्या किनाऱ्यावरील एका जुन्या वेलींत सांपडलें. इटलींत तिलाच प्रिमितिव्हो म्हणतात.

तिसरी शिराझ, फ्रान्सच्या ऱ्होन नदीच्या खोऱ्यांतली. तेथें तिला सिरा म्हणतात. इराणांतील शिराझ शहराशीं तिचा संबंध नाहीं, हें तिचे आईबाप फ्रान्सचेच निघाल्यानें ठरलें. रंग गडद जांभळा. पेला फिरवितांच जो वास आला तो मीं लगेच ओळखला: काळी मिरी. मला वाटलें, हा माझा भास असावा. परंतु जांवयांनीं सांगितलें कीं, २००८ मध्यें ऑस्ट्रेलियांतील संशोधकांनीं शिराझमध्यें 'रोटंडोन' नांवाचें द्रव्य शोधून काढलें, आणि मिरीचा वास ज्यामुळें येतो तें द्रव्य हेंच. तोंडांत ही भरीव लागते, जांभळासारखी. तुरटपणा आहे, पण मवाळ.

चौथी कॅबर्ने सॉव्हिन्याँ, फ्रान्समधील बोर्दो प्रांताची. हिचा रंगही दाट. वासांत काळ्या फळांच्या मागें हिरव्या ढोबळ्या मिरचीचा वास. हाही भास नव्हे. ढोबळ्या मिरचींत जें वासाचें द्रव्य असतें त्याच वर्गाचें कॅबर्नेंत असतें, आणि द्राक्ष नीट पिकलें नसेल तर तें अधिक जाणवतें. म्हणजे त्या वासावरून तोडणी घाईनें झाली कीं काय, हेंही कळतें. घोट घेतला तों हिरड्या आवळल्या, जीभ खरखरीत झाली. टेंभुर्ण! लहान मणी, जाड साल, भरपूर बिया, यांचा हा अर्थ. आदल्या दिवशीं बागेंत जो मणी चावला होता, तोच पेल्यांत पुन्हां भेटला.

मग जांवयांनीं शेवटल्या तिन्ही पेल्यांची जागा माझ्या पाठीमागें बदलली व ओळखावयास सांगितलें. मीं शिराझ मिरीवरून ओळखली, पण उरलेल्या दोघींत घोटाळा केला; नुसत्या गोडीकडे लक्ष दिलें, हिरड्यांकडे दिलें नाहीं. दुसऱ्या दिवशीं सकाळीं पुन्हां बसलों, तेव्हां तिन्ही बरोबर आल्या. अठ्ठावन्नाव्या वर्षीं परीक्षा उतरल्याचा आनंद झाला, हें कबूल करतों. आणि त्या आनंदांत शिराझचा एक घोट गिळला गेला, हेंही कबूल करतों.

स्वस्त बाटली पुरते काय

शिकण्यासाठीं पुरते, किंबहुना अधिक बरी. महाग वाइन महाग कां होते? एकरीं माल कमी घेतात, घड निवडून तोडतात, आणि वाइन ओक लांकडाच्या पिंपांत महिनोन्‌महिने ठेवितात. त्या लांकडाचा व्हॅनिलासारखा, भाजल्यासारखा वास वाइनला लागतो. स्वस्त वाइन बहुतेक पोलादी टाक्यांतच राहून लवकर विकली जाते. तींत लांकडाचा मुलामा नसल्यामुळें जातीचा वास उघडा राहतो. मात्र बाटलीवर एका जातीचें नांव असावें. 'कॅबर्ने शिराझ' अशीं दोन नांवें असल्यास तें मिश्रण समजावें. तें वाईट नव्हे, परंतु पहिल्या धड्यास अवघड. नांवच नसेल तर ती शिकण्याच्या कामाची नव्हे. एकदां उघडलेली बाटली हवेनें बिघडूं लागते. थंड जागीं दोन-तीन दिवस टिकते, पुढें आंबूस होते.

बागाईतदाराचा हिशेब

चवीची हौस फिटली, पण मी गेलों होतों तो सहीसाठीं. व्याह्यांनीं वही उघडून हिशेब सांगितला, तो थोडक्यांत असा.

खाण्याच्या द्राक्षांस अनेक दारें असतात. परदेशीं गेलीं नाहींत तर मुंबईस जातात, तेथें भाव पडला तर बेदाणा करतां येतो, अगदींच झालें तर तालुक्याच्या बाजारांत टोपली मांडतां येते. वाइनच्या द्राक्षांस एकच दार, तें म्हणजे कारखाना. मणी बारीक, बियांचा. त्यास दुसरें गिऱ्हाईक नाहीं. २००१ मध्यें राज्य सरकारनें द्राक्षप्रक्रियेचें धोरण जाहीर केलें, नाशिक जिल्ह्यांत विंचूर येथें व सांगली जिल्ह्यांत पलूस येथें वाइन उद्यानें काढलीं. पुष्कळांनीं बागा लाविल्या. पुढें २००८ नंतर मंदी आली. व्याह्यांचा ज्या कारखान्याशीं करार होता त्यानें त्या हंगामांत माल उचलला नाहीं. घड वेलीवर सुकले, आणि त्यांनीं एका एकरावरील वेली मुळासकट काढल्या. आजचा एक एकर त्यांनीं नव्या करारावर पुष्कळ वर्षांनीं लाविला. त्या करारांत जात, ब्रिक्स, भाव, आणि माल न उचलल्यास भरपाई, हीं चारही कलमें लिहून घेतलेलीं आहेत. मीं तो कागद दोनदां वाचला. माहितीपत्रकांत यांपैकीं एकही कलम नव्हतें.

दुसरें, हवामान. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारें ६०० मीटर उंचीवर आहे. तेथें मणी भरण्याच्या काळांत रात्री गार असतात, त्यामुळें फळांतील आंबटपणा टिकतो. युरोपांत वेल हिवाळ्यांत झोंपते व सप्टेंबरच्या सुमारास फळ देते. आपल्याकडे ती झोंपत नाहीं, म्हणून एप्रिलांत खरड छाटणी व सप्टेंबर-ऑक्टोबरांत फळछाटणी, अशा दोन छाटण्या करून पीक पावसाळ्याबाहेर काढावें लागतें. आमच्याकडे पाऊस १,३०० मिलिमीटरच्या पुढें, हवा दमट, बांध्यांची जमीन पाणी धरून ठेवणारी. धानाला तें वरदान, द्राक्षाच्या मुळांस मरण. आणि केवडा, भुरी, करपा यांस मेजवानी.

तिसरें, तोडलेला माल लवकर कारखान्यांत पोंचावा लागतो. आमच्या जिल्ह्यांत तसा कारखाना नाहीं, आणि दारूबंदी असेपर्यंत निघावयाचाही नाहीं. आणि वेल फळाला येण्यास दोन-तीन वर्षें लागतात. कर्जाचे हप्ते तितके थांबत नाहींत.

घरीं काय सांगितलें

यात्रेच्या चार दिवस आधीं मी परत आलों. कर्जाच्या कागदावर सही केली नाहीं. पुतण्या आठ दिवस माझ्याशीं धड बोलला नाहीं. त्यास दोष देत नाहीं, कारण त्याची तळमळ खरी आहे. वहिनींना मीं सांगितलें कीं, हीं द्राक्षें दारूचींच, पण मोहाच्या भट्टीची व हिची कृति निराळी. आणि व्यसनाला कृति विचारावीशी वाटत नाहीं, हेंही तितकेंच खरें. त्या कांहीं बोलल्या नाहींत.

तथापि त्या प्रवासांतून एक गोष्ट मीं उचलून आणली. नाशिकच्या कारखानदारानें बाटलीवर जातीचें नांव छापलें, खाणाऱ्यापिणाऱ्याच्या जिभेला तें नांव शिकविलें, आणि त्या नांवाला दाम मिळूं लागला. आपल्या धानाला नांवें नाहींत काय? शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यांत, नागभीड तालुक्यांतील नांदेड गांवच्या दादाजी खोब्रागडे यांनीं १९८३ मध्यें पटेल-३ धानाच्या बांधींत निराळ्या लोंब्या हेरल्या, त्या वेगळ्या राखल्या, आणि त्यांतून एच. एम. टी. हा तांदूळ निघाला. तो कोठल्या कोठें पसरला. दादाजी २०१८ मध्यें वारले. त्यांस मान मिळाला, पण दाम हातीं लागला नाहीं. त्यांची नजर आणि बोरगांव-नान्नजच्या द्राक्षबागाईतदारांची नजर एकच होती. भेद एवढाच कीं, द्राक्षवाले संघटित होते व जातीच्या नांवानें विकीत होते. आपण सारें पोत्यांत ओतून 'धान' म्हणून विकतों.

पुतण्याचा राग निवळल्यावर मीं त्याच्यापुढें तीन वाट्यांत तीन तांदळांचा भात ठेविला व डोळे मिटून ओळखावयास सांगितलें. त्यानें तिन्ही बरोबर ओळखले. मला दोन दिवस लागले होते, त्यास दोन घांस लागले. त्या दिवसापासून तो चिन्नोरच्या शुद्ध बियाण्याच्या शोधांत आहे. येत्या खरिपांत दोन बांध्या वेगळ्या राखून, भेसळीच्या लोंब्या वेळींच उपटून, तो तांदूळ जातीच्या नांवानें निराळ्या पिशव्यांत विकावा असें ठरलें आहे. दोन बांध्या फसल्या तर वर्षाचें थोडें नुकसान होईल. दीड एकर मांडव फसला असता तर जमीनच गेली असती.

आमच्या संस्थेच्या सभासदांस माझी विनंती एवढीच कीं, यंदा धान मोजून घालतांना पोत्यावर जातीचें नांव लिहावें, आणि दोन जाती एका पोत्यांत घालूं नयेत. ज्यांच्याकडे लुचई, चिन्नोर किंवा दुसरें जुनें बियाणें अद्याप शुद्ध राहिलें असेल, त्यांनीं एक पायली राखून ठेवावी व संस्थेस कळवावें. गांव नमुना बाराच्या रकान्यांत जागा अपुरी असेल. पोत्यावर पुष्कळ आहे.